फॉर्मची पहिली ओळ

“चार वर्षांनी नोकऱ्या कशात असतील, तेवढंच सांगा बुवा. बाकीचं माझं मी बघून घेईन.”

मठाच्या पडवीत नीट टेकायच्या आधीच स्वरदा घाडीनं हे विचारून टाकलं. सीईटीत तालुक्यात पहिली आलेली मुलगी ती, तिला कुठला दम निघतोय! आणि इंजिनिअरिंगचा फॉर्म उद्या पाचला बंद होणार होता.

खरं म्हणजे ती आपणहून आलीच नव्हती. बाबांनी पाठवलं होतं. “एकदा बुवांच्या तोंडून निघू दे, मग भर काय भरायचं ते.” बाबा एरवी शहाणे, पण बुवांचं नाव निघालं की त्यांची अक्कल चपला काढून बाहेरच उभी राहायची.

जनार्दनबुवा आंब्याच्या रोपांमध्ये मांडी घालून बसले होते. खाडीकाठचा मठ लहानसा. पावसाळ्यात बुवा हापूसची कलमं बांधायचे, त्यावर मठाचा दिवा जळायचा.

“बस गो,” बुवा म्हणाले.

ती बसली. आणि बसल्या बसल्या समोर बघून म्हणाली, “बुवा, तो गडगा यंदा कोसळणार.”

मठामागच्या डोंगराची माती अडवणारी ती चिऱ्यांची भिंत. पूर्वीची नुसती दगडांवर दगड रचलेली होती. गेल्या वर्षी नव्या गवंड्यानं हौसेनं सगळ्या फटी सिमेंटनं लिंपून टाकल्या होत्या.

“असं? कशावरून?”

“पूर्वी पाणी फटींतून निघून जायचं. आता मागं तुंबतंय. मधोमध पोट बघा कसं सुटलंय त्याला...” मग तिला स्वतःचाच राग आला. “ते मरू दे. मी काय विचारलं?”

तिनं घडीचा कागद उलगडला. चाळीस ओळी, सुरेख अक्षर. प्रत्येक कोर्सपुढं गेल्या तीन वर्षांचे पगार. सगळ्यात वर कॉम्प्युटर, सगळ्यात खाली सिव्हिल.

“यादी झोकात आहे,” बुवा म्हणाले. “मग अडलं कुठं?”

“पहिल्या ओळीतलं मिळालं ना बुवा, तर ते घ्यावंच लागतं. मग माघार नाही. आणि मला ते मिळणारच आहे.”

मिळणारच आहे, हे सांगताना तिला आनंद व्हायला हवा होता. पण तो काही होत नव्हता. चार दिवस हेच चाललं होतं. लोक पेढे मागत होते आणि तिला जेवण जात नव्हतं.

 बुवांनी चाकू पुढं केला.

“एक कलम बांधून दे.”

“मला नाही येत.”

“तालुक्यात पहिली ना तू?”

हे मात्र झोंबलं. तिनं चाकू घेतला.

ओल्या फडक्यात हापूसच्या काड्या गुंडाळून ठेवल्या होत्या. झाडागणिक वेगळी जुडी.

“सगळ्यात जास्त आंबे कुठलं झाड देतं?” तिनं विचारलं.

“विहिरीकडचं. ही त्याची जुडी.”

त्या जुडीतल्या काड्या एकीला एक लावून सगळ्यात जाडजूड काडी तिनं उपसली. बुवांनी पिशवीतलं एक रायवळ, गावठी आंब्याचं रोप तिच्यापुढं सरकवलं. कोयीतून वर येऊन पंधरवडा झाला असेल. बुवा सांगत गेले, ती करत गेली. रोपाचा शेंडा उडवला. खोडाला मधोमध चीर दिली. काडीचं टोक पाचरीसारखं तासलं. हात सफाईचा होता, बुवांनी मान डोलावली.

तिनं काडी चिरेत बसवली, जरा दाबली...

खोड उभं फाटत थेट कोयीपर्यंत गेलं.

 पन्हळीचं पाणी टपटपत होतं.

“काडी खराब होती का?” तिनं हळूच विचारलं.

“छे. सगळ्या मठात तिच्याहून चांगली काडी नाही.”

“मग कापायला चुकले?”

“कापलंस झकास.”

“मग झालं काय?”

बुवांनी ते फाटलेलं रोप मातीसकट उचललं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तांबूस, कोवळं, जेमतेम पेन्सिलीएवढं खोड. एवढा वेळ ते तिच्या पुढ्यातच होतं. तिनं झाडाची चौकशी केली होती, काड्या एकीला एक लावून पाहिल्या होत्या. ह्याच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

“हे गेलंच का आता?”

“गेलं.”

“माझ्यामुळं...”

“हो.”

तिनं खोडाच्या दोन्ही फाका बोटांनी जुळवून पाहिल्या. मग म्हणाली, “म्हणजे कॉम्प्युटर वाईट?”

“काडीला मी वाईट म्हटलं का?”

“अहो, मग पहिल्या ओळीत लिहू काय? उद्या पाचला बंद होतंय सगळं! बाबांना जाऊन काय सांगू मी?” आता डोळे भरलेच.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. पडवीच्या कोपऱ्यातली पहार त्यांनी आणली. तिच्या हातातलं रोप हलकेच काढून घेतलं आणि त्या जागी पहार दिली.

“पाऊस पुन्हा यायच्या आत,” ते म्हणाले, “गडग्याला भोकं कुठं पाडायची, तेवढं मला दाखव.”