मागे राहिलेलं मीठ

फार पूर्वी, समुद्राचं पाणी अजून गोड होतं तेव्हा, डोंगरातला एक मीठकण पाण्याच्या थेंबाचा हात धरून नदीवाटे समुद्रात आला. उन्हाने थेंबाची वाफ होऊ लागली.

"मलाही ने ना!" मीठकण रडवेला झाला.

"तुला वर उडता येत नाही रे," थेंब कळवळून म्हणाला आणि निघून गेला.

असे कितीतरी कण मागे राहिले. जिथे कडक उन्हात थेंब भराभर उडाले, तिथलं पाणी फार खारट झालं. नदीच्या मुखाशी ताजं पाणी येत राहिलं, तिथे खारटपणा कमी राहिला.

पुढे पावसातून, नदीतून तो थेंब परतला. सोबत एक घाबरलेला नवा कण होता.

"याला सांभाळशील?"

मीठकण बाजूला सरकला. "ये बाळा. हा वर गेला की माझ्याजवळ बस."