धुतलेली माती

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं खुद्द महाराजांनी बजावलं होतं. मावशीनं मला ती सांगितली तेव्हा तिनंही तेच बजावलं. तिला जिनं सांगितली, तिनंही बजावलंच असणार. तर तुम्हीही कुणाला सांगू नका.

गारगडातली साथ सरली, पण धैर्यशीलराजे महाराजांची भीती काही सरेना. साथीत त्यांनी चारचौघांच्या सगळ्या जागा बंद केल्या होत्या. आता त्या उघडायच्या, पण एका अटीवर. जागा धुवायची, आणि धुतलेलं पाणी नितळ येईपर्यंत धुवायची! दिवाणजी चांदीची वाटी घेऊन मागोमाग फिरत. देवळाच्या पायऱ्या धुतल्या, ओघळ वाटीत धरला, महाराजांनी डोळे बारीक करून पाहिलं. "नितळ! उघडा!" देऊळ उघडलं. बाजाराचे ओटे धुतले, बाजार उघडला. धर्मशाळा उघडली, घाट उघडला.

मग पाळी आली तालमीची.

राणू वस्तादांनी आखाड्यात घागर ओतली. दिवाणजींनी वाटी बुडवली. वाटीत लाल चिखल!

"घाण!" महाराज दोन पावलं मागं सरले. "पुन्हा धुवा!"

"घाण न्हाई महाराज, माती हाय," वस्ताद म्हणाले. "हिच्यात हळद हाय, ताक हाय, लिंबू हाय. रोज उकरून ऊन दावतो. आजारी गडी आत येत न्हाई, बाकीचे हातपाय धुऊनच उतरत्यात."

"गावभरच्या पैलवानांचा घाम जिरलाय तिच्यात! नियम तो नियम. पुनवेपर्यंत पाणी नितळ आलं नाही, तर ही माती नदीत आणि इथे हत्तीखाना!"

हत्तीला माहूत लागतो, वस्ताद लागत नाही. तालमीमागच्या दोन खोल्यांत वस्ताद आणि त्यांची मुलगी सारजा राहत. त्या खोल्यांत आता हत्तीचा चारा राहणार होता.

पैलवान कामाला लागले. घागरीवर घागरी ओतल्या. जितकी माती धुतली, तितका चिखल वाढला. काही दिवसांनी आखाड्यात बेडूक आले. दिवाणजी रोज सकाळी येत, वाटी बुडवत, "लाल," म्हणत आणि निघून जात.

सारजा उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होती. ती फारशी बोलायची नाही. एका दुपारी तिनं माठातून तांब्याभर पाणी घेतलं, आणि न पिताच तांब्यात बघत राहिली.

"आबा, हा माठ कशाचा?"

"मातीचा! दुसऱ्या कशाचा असतोय?"

"कुठल्या मातीचा?"

"हितल्याच. लाल. का गं?"

"मग आता पाणी ओतू नका. पैलवानांना सांगा, माती तुडवा."

आखाड्याच्या वरचा थर काढून पैलवानांनी तो तुडवला. रखमाजी कुंभारानं त्याच्या चपट्या विटा थापल्या, वाळवल्या आणि भट्टीत घातल्या. पुनवेच्या सकाळी आखाडाभर लालभडक विटा बसवलेल्या होत्या.

महाराज आले. सारजानं घागर ओतली. दिवाणजींनी वाटी धरली, आत पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"न... नितळ, महाराज!"

महाराजांनी वाटी उजेडात धरली. वास घेतला. पुन्हा उजेडात धरली. "माती धुतली! पोरी, कशी गं?"

"आधी भाजली महाराज, मग धुतली."

"शाबास! आगीत रोगसुद्धा मेला असेल!"

"मेलाच असणार. तिच्यात जिवंत असं काही राहिलंच न्हाई."

"तालीम उघडली!" महाराजांनी जाहीर केलं. "चला, लावा कुस्ती!"

पैलवानांनी विटांकडे पाहिलं. मग एकमेकांच्या पाठींकडे पाहिलं. कुणी हललं नाही.

"काय रे, भ्यालात?"

"भ्याले न्हाईत महाराज," सारजा म्हणाली. "एवढ्या स्वच्छ मातीवर पहिलं पाऊल आमचं कसं पडावं? पहिला मान आपला."

महाराज तरुणपणी याच तालमीत घुमलेले. त्यांनी फेटा आणि वाटी दिवाणजींच्या हातात दिली, दणकन शड्डू ठोकला आणि ओल्या विटांवर पाऊल टाकलं. दुसरं पाऊल पडलंच नाही. महाराज पडले. धप्प!

दिवाणजींच्या हातातली वाटी निसटून गडगडत भिंतीपर्यंत गेली.

"पोरी!" महाराज बसल्या जागेवरूनच ओरडले. "ही जमीन आहे का दुश्मन?"

"मातीच हाय महाराज. नितळ."

"माती अशी लागते होय? याच आखाड्यात शेकडो वेळा आपटलोय मी, कधी साधं खरचटलं नाही!"

"तवा ती धुतलेली नव्हती."

वस्तादांनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी सारजाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, भिंतीजवळच्या वाटीकडे पाहिलं.

"अगं, पण मग रोग येऊ नये म्हणून धुवायचं तरी काय?"

"माती धुवायची नसती महाराज," सारजा म्हणाली. "मातीत उतरणारा धुवायचा असतो!"

महाराज आधी कण्हले. मग खदखदून हसले, मग पुन्हा कण्हले, आणि कंबर धरून पुन्हा हसू लागले. "दिवाणजी, या विटा उचला! खालची माती मोकळी करा! दाराशी पाण्याचा रांजण ठेवा. त्या दोन खोल्या आजपासून वस्तादांच्या मालकीच्या. वाटी या पोरीला द्या. हिनं हातपाय बघितल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. मीसुद्धा!"

वस्तादांनी डोळे उघडले.

जाताना महाराज दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "मी कुठं आपटलो, ते मात्र तालमीबाहेर जाता कामा नये." ते गेलंही नाही. पण पुढे बरेच दिवस महाराजांनी दरबार उभ्यानंच भरवला, कारण त्यांना लागलं होतं ते नेमकं उजव्या—

आले, आले मावशी! नाही गं, कुणाला काही सांगत नव्ह—