पाठमोऱ्या तसबिरी

सन १८१३च्या द्राक्षतोडणीपासून फ्रान्सातल्या आमच्या या व्हिलोर्जे गावात माणसाची तसबीर पाठमोरीच काढतात. मान, केस, खांदे. चेहरा कुणी काढू देत नाही. पाहुणे बघून हसतात. हसू नये.

त्या काळी इथे मातुरँ नावाचा चितारी होता. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर तो इतके हुबेहूब चेहरे काढी की आता बोलतील असं वाटे. परटीण पेरीनने हिवाळाभर त्याचे कपडे धुतले, त्या बदल्यात त्याने तिच्या लुबँची तसबीर काढून दिली. एकुलता एक पोरगा बादशहाच्या फौजेत निघाला होता. गेला, आणि पलटणीतून पळून आला. आईने त्याला जुन्या चुनभट्टीत लपवलं, असं सांगतात.

तसबिरीला काच बसवायची होती, म्हणून ती चिताऱ्याकडेच होती. पेरीन आणायला गेली, तर दुकानात शिपायांचा हवालदार. फरारी लुबँला त्याने कधी पाहिलं नव्हतं. तसबीर उचलून तो हसला.

"नखाएवढा चेहरा! यावरून माणूस ओळखायचा की ढेकूण?"

पेरीनने चिताऱ्याची बाही घट्ट धरली. पण मातुरँला ते झोंबलं होतं.

"घेऊन जा," तो म्हणाला. "भुवईतला व्रण बघ. हजारांत ओळखला नाहीस, तर कुंचला मोडून टाकीन."

तिसऱ्या दिवशी लुबँ भाकरीसाठी बाहेर आला. हवालदाराने पहिल्या नजरेत ओळखला. गिरणीच्या भिंतीशी उभा करून त्याला गोळी घातली. चिताऱ्याला म्हणे वर शाबासकी मिळाली.

पेरीन त्याच्या दारात उभी राहिली. "एक चेहरा देणं लागता तुम्ही माझं."

"कामाचं मोल झालं, बाई. जा."

महिन्याभरात भरतीची चिठ्ठी मातुरँच्याच मुलाच्या, इलेरच्या नावाने निघाली. तोही पळाला. धुणं न्यायला आलेल्या पेरीनने दुकानातली त्याची तसबीर उतरवली, शालीआड लपवली आणि हवालदारापुढे ठेवली.

"चितारी तोच आहे, साहेब. चूक व्हायची नाही."

झाली नाही. गिरणीच्या भिंतीत गोळ्यांचे दोन खळगे आजही दिसतात.

संध्याकाळी पेरीनने धुतलेले कपडे मातुरँच्या मेजावर ठेवले. वर इलेरची तसबीर ठेवली.

"फिटलं," ती म्हणाली.