साहेबांचा जुना शंख

फार पूर्वी समुद्रकिनाऱ्यावर शंखांत राहणाऱ्या खेकड्यांचं एक शहर होतं. लहानग्यांना शंख मिळेनात, म्हणून सगळ्यांनी आपल्या घासातून वर्गणी काढली. कारभाऱ्यांनी त्यातून नगराध्यक्षांसाठी भलामोठा शंख आणला.

"अहो, उघड्यावर आम्ही आहोत," धाकट्या भावाला जवळ ओढत येसू म्हणाली.

"साहेब नव्यात गेले की त्यांच्या जुन्या शंखात तुम्ही सगळे मावाल," कारभारी म्हणाले.

साहेब नव्यात गेले आणि जुन्याच्या तोंडाशी दगड लावून म्हणाले, "राहू दे. कधी पाहुणे येतात."

त्याच दुपारी, दगडाबाहेर ताटकळत बसलेला येसूचा भाऊ घारीने उचलून नेला.

पुढच्या ओहोटीला कारभारी पुन्हा वर्गणी मागायला आले, लहानग्यांच्या घरांसाठीच.

"पाहुणा म्हणून तरी त्याला आत घ्यायचं होतं," येसू म्हणाली. "आज वर्गणी द्यायला तोही असता."