अंबूबाई आणि न सरणारे तीन

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण हेदवडात ती अजून निवलेली नाही. सांगणारा कितीही म्हातारा असो, सांगता सांगता त्याचा आवाज चढतो आणि ऐकणारी पोरं पुढे सरकून बसतात. तुम्हीही बसा.

हेदवड हे घाटमाथ्यावरचं गाव. भोवती रान, खाली उतरायला एकच पायवाट, आणि गावाच्या मधोमध चौथीपर्यंतची सरकारी शाळा. शाळेचे हेडमास्तर दत्तोबा गुरुजी. माणूस वाईट नव्हता, असं म्हणतात. पण त्यांच्या लेखी पोरं दोनच तऱ्हांची होती. घडाघडा पाढे म्हणणारी ती हुशार, न म्हणणारी ती मठ्ठ. एकदा का गुरुजींनी पोराला मठ्ठ म्हटलं, की आईबापही त्याला त्याच नावानं हाक मारायला लागत.

बुरूड आळीतल्या, टोपल्या विणणाऱ्या भिवाची लेक गिरजा ही त्यातलीच एक. ती पाढे म्हणायची नाही. पाटीवर गणित घातलं की अर्ध्यावर सोडायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. म्हणून तिला वर्षामागून वर्ष पहिलीतच बसवलं. डोकंभर लहान पोरं तिच्या शेजारी येऊन बसत आणि पुढच्या वर्गात निघून जात. छडी खाऊन तिचे तळहात घट्ट झाले होते. ती रडायचीसुद्धा नाही, आणि त्यावरून तर ती मठ्ठच आहे याची गुरुजींना खात्री पटली.

अशात त्या शाळेवर अंबूबाई आली. सुताराच्या घरची लेक, लहानपणीच विधवा झालेली, ट्रेनिंग कॉलेजात शिकून मास्तरीण झालेली. हेदवडानं मास्तरीण कधी पाहिलीच नव्हती, म्हणून पहिले काही दिवस बायका घागरी घेऊन मुद्दाम शाळेवरून जायच्या. अंबूबाई कृश होती, आवाज बारीक, आणि चालताना जरा पुढे वाकायची. पण कोणी बोलायला लागलं की ती अशी ऐकायची, की बोलणाऱ्याला आपलं बोलणं एकदम महत्त्वाचं वाटायला लागायचं.

एके दिवशी तिनं सगळ्या वर्गांना एकत्र बसवून दहाला तीननं भागायला सांगितलं. सगळ्यांनी लिहिलं, तीन आले, एक उरला. गिरजाच्या पाटीवर तिनाचे आकडेच आकडे होते, एकापुढे एक, पाटी संपेपर्यंत. मग तिनं पाटी खाली ठेवली होती आणि ती बाहेर बघत होती.

अंबूबाईनं छडी उचलली नाही. ती पोरीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि हे काय लिहिलंस म्हणून विचारलं.

गिरजाला कोणी असं विचारलं नव्हतं. तिनं पाटी पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बाई, आमचा बा बांबूच्या कामटीचं धा तुकडं करतो. तीन टोपल्यांना सारखं वाटलं की येक उरतो. मी त्या येकाचं पुन्ना बारीक धा करते. वाटते. पुन्ना येक उरतो. कितीबी बारीक केलं तरी उरतोच. ह्यो येक कधी सरायचा?"

वर्ग हसला. अंबूबाई हसली नाही. आपण शिकलो, परीक्षा दिल्या, आणि हा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं कळलं, ते जास्त झोंबलं. ही पोर खिडकीबाहेर बघत नव्हती. ती त्या उरलेल्या एकाच्या मागे मागे चालली होती, आणि दर वेळी कोणीतरी तिला छडी मारून परत आणत होतं.

त्या दिवशी अंबूबाईच्या डोक्यात जी तिडीक गेली ती कधीच उतरली नाही, असं म्हणतात.

ती आधी गुरुजींकडे गेली. गुरुजींनी पान लावता लावता ऐकलं आणि हे सगळे भागाकार न येण्याचे बहाणे आहेत असं सांगितलं. मग ती भिवाकडे गेली. भिवा टोपली विणत होता. त्यानं बाईंना बसायला पाट दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि हातातली कामटी बाजूला ठेवली.

"बाई, पोरगी हुशार हाय ते मला कवाच ठावं हाय," तो म्हणाला. "पर तुमी ते गावात बोलू नका. आमच्यातलं पोर मठ्ठ हाय म्हटलं की लोकास्नी बरं वाटतं, कोपऱ्यात बसू देत्यात. हुशार हाय म्हटलं की डोळं फिरत्यात."

अंबूबाई तशीच पाटावरून उठली. बापानं लेकीचं शहाणपण चोरीच्या मालासारखं झाकून ठेवावं, अशी ही कसली शाळा आणि असलं हे कसलं गाव? ती घरी आली ती जेवलीच नाही.

पुढे शाळा तपासणारा साहेब आला. लोक त्याला दिपोटी म्हणत. त्याच्यासाठी कोंबडं कापलं, शाळा सारवली, आणि पाढे पाठ असलेली पोरं पुढे बसवली. गिरजाला त्या दिवशी घरी राहायला सांगितलं होतं, पण अंबूबाईनं तिला हाताला धरून आणलं. या मुलीला चौथीच्या स्कॉलरशिपला बसवा, असं तिनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी गिरजाकडे पाहिलंही नाही. पहिलीतलं पोर चौथीच्या परीक्षेला बसत नसतं, म्हणाले. शिवाय हेदवडातून पाटलांच्या पुतण्याचं नाव ठरलं होतं. अंबूबाईनं एवढंच मागितलं, की निदान तिला एक प्रश्न विचारा. साहेबांना हात धुवायचे होते.

म्हणून अंबूबाई गिरजाला घेऊन घाट उतरली. तालुक्याच्या गावी जाऊन दिपोटीच्या कचेरीच्या पायरीवर दोघी बसल्या. शिपायानं हटकलं तेव्हा तिनं सांगितलं, की साहेबांनी या पोरीला एक प्रश्न विचारावा. तेवढंच. मग आम्ही उठतो.

आता विचार करा. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? पानाचा विडा तोंडात टाकायला जास्त लागतो. पण साहेब दुसऱ्या दारानं येऊ लागले, दुसऱ्या दारानं जाऊ लागले. कारकून यायचे, जायचे, पोरीला ओलांडून. पाटलांनी निरोप धाडला, की बाई शाळा सोडून गेली म्हणून तक्रार करू. आणि त्या कचेरीत बसलेल्या सगळ्यांना सरकार पगार द्यायचं, ते मुलांना शिकवावं म्हणून.

अंबूबाई पायरीवर बसून गिरजाला शिकवायला लागली. पाटी भरली तेव्हा तिनं शेजारच्या चुलीतला कोळसा आणला आणि पोरीच्या हातात देऊन कचेरीची पांढरी भिंत दाखवली. गिरजानं दहाला तीननं भागायला सुरुवात केली. तीन, एक उरला. पुन्हा तीन, एक उरला. ती भिंतीच्या कडेनं चालत राहिली आणि तिच्यामागे तिनाच्या आकड्यांची ओळ उमटत राहिली. ओळ कोपऱ्यावरून वळली, मागच्या भिंतीवर गेली, कचेरीला वेढा घालून पुन्हा दारापाशी आली.

साहेबांनी भिंतीला चुना मारायला लावला. दुपारपर्यंत चुना वाळला आणि खालून तीन वर आले, असं म्हणतात. पुन्हा चुना मारला, पुन्हा आले. आणि आता ते गिरजानं लिहिले त्याहून जास्त होते. कोळसा पायरीवर पडलेला, पोर बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली, आणि तिनाचे आकडे आपले आपण पुढे चाललेले. ओटीवर आले, साहेबांच्या टेबलाच्या पायावर चढले, दौतीच्या काचेवर उमटले. साहेब सही करायला गेले की नावाच्या जागी तीन उमटायचे. गावातली पोरं शाळा टाकून बघायला आली आणि ती ओळ कुठवर जाते ते शोधत बाजारपेठेतून, नदीच्या घाटावरून, पार वेशीबाहेर गेली. परत येऊन त्यांनी सांगितलं, की ओळ पुढेही आहे, आमचे पाय दुखले.

शेवटी साहेब पुढच्या दारानं बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते गिरजासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, हे कुठं संपणार?"

"संपत न्हाई, सायेब," गिरजा म्हणाली. "त्येच तर मी इचारत व्हते."

अंबूबाई उठून उभी राहिली. पदर झटकला. साहेबांनी प्रश्न विचारला होता.

गिरजा परीक्षेला बसली. पाटलांचा पुतण्याही बसला, आणि पोरगा भला होता, त्यानं तिला आपली दौत वापरू दिली. ती पहिली आली. खालच्या हायस्कुलात गेली, तिथून पुढे मोठ्या शहरात, आणि पुष्कळ वर्षांनी पांढऱ्या केसांची होऊन बापाचं घर बघायला आली, तेव्हा तिच्याबरोबर तिचे विद्यार्थी होते. तिचं एवढं भलं झालं, हे ऐकून लोकांना बरं वाटतं आणि ते उठायला बघतात. बसा. अजून सांगायचं राहिलंय.

अंबूबाईला नोकरीवरून काढलं. परवानगीवाचून शाळा सोडली आणि सरकारी भिंत खराब केली, हा तिचा गुन्हा. ज्या गुरुजींनी गिरजाला पहिलीत कुजवलं त्यांना निरोपाच्या दिवशी हार घातला, आणि जिनं तिला बाहेर काढलं तिला गावानं वेशीपर्यंत पोचवलंसुद्धा नाही. एकटा भिवा गेला. त्यानं एक टोपली विणून नेली होती, तीत शिदोरी होती. अंबूबाईनं त्याला विचारलं, की या आळीत अजून कितीजणी खिडकीबाहेर बघत बसल्या असतील? भिवाला रडू आलं.

त्यानंतर तिनं घर केलं नाही. डोंगरातल्या गावागावांतून ती हिंडत राहिली. शाळेच्या भिंतीला बाहेरून कान लावायची, असं म्हणतात, आणि आत गप्प बसलेल्या पोरांतलं कुठलं पोर कंटाळून गप्प आहे ते तिला भिंतीतून ऐकू यायचं. मग ती दारात उभी राहायची आणि त्या पोराला नावानं हाक मारायची. नाव तिला कोणी सांगितलेलं नसायचं. मास्तर चिडायचे, कुत्री सोडायचे. कुत्री तिच्यापुढे येऊन बसायची. कुणाला तिनं वरच्या वर्गात बसवलं, कुणाला खालच्या गावी पोचवलं, कुणाच्या बापाशी भांडली, कुणाच्या आईबरोबर रडली. ती मेल्याचं कोणी पाहिलं नाही. घाटातल्या धुक्यात एका पोराचा हात धरून चढताना ती शेवटची दिसली, आणि पोर वर एकटंच पोचलं, असं म्हणतात. बाई कुठं आहेत म्हणून विचारलं तर ते म्हणालं, "अजून एकाला आणायला गेल्यात."

हेदवडाला शरम वाटायला बरीच वर्षं लागली, पण वाटली. आज तिथं शाळेच्या पुढे अंबूबाईचा चौथरा आहे. त्यावर मूर्ती नाही आणि फुलं वाहत नाहीत. शाळेच्या पहिल्या दिवशी थोरली माणसं त्याच्याभोवती जमिनीवर बसतात आणि पोरं एकेक करून चौथऱ्यावर चढतात. ज्याला जे विचारायचं ते त्यानं विचारायचं, आणि गावानं ऐकायचं. ज्या पोराला शाळा अपुरी पडते त्याला अंबूचं मूल म्हणतात, मग ते कुठल्याही आळीतलं असो. त्याची खालच्या गावातली राहण्याखाण्याची सोय सारं गाव मिळून बघतं, आणि त्याला पोचवायला घरटी एक माणूस घाट उतरतो.

आणि त्या गावात कुठल्याही पोराला मठ्ठ म्हणायची बंदी आहे. मागे एक नवे साहेब तपासणीला आले होते. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यातल्या एका मुलाकडे बोट करून ते तो शब्द बोलून गेले. त्यांच्या हातात नुकताच पाण्याचा तांब्या दिला होता. बुरूड आळीतली एक म्हातारी सावकाश उठली आणि तिनं तो तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आधी त्याला काय तरी इचारा," ती म्हणाली. "मग पानी."