सहा भोकांची भाकरी

एक होता ट्रक. पिवळा, म्हातारा, खडखड खडखड करणारा.

ट्रकला होती पेटी. पेटीत राहायची चिची चिचुंद्री आणि तिची तीन पिल्लं. पिल्लं चालायची कशी? पहिल्याने धरायची आईची शेपटी. दुसऱ्याने धरायची पहिल्याची. तिसऱ्याने धरायची दुसऱ्याची. तुरु तुरु, तुरु तुरु.

चिचीला एकच दुःख होतं. मनीमांजर आली, की सगळे म्हणायचे, "ये, ये, ये." चिची आली, की सगळे म्हणायचे, "हुश, हुश, हुश."

मग चिचीच्या पोटात दुखायचं. दुसऱ्याचं कौतुक झालं की दुखतं ना, तसं. तुमच्याही दुखतं. मला माहीत आहे.

उद्या होता दसरा. आणि आज काय झालं? कडाड! ट्रकचं चाक तडकलं. ट्रक गॅरेजच्या दारातच एका बाजूला बसला.

ट्रक म्हणाला, "आज चाक मिळालं तर बरं. नाही तर उद्या भंगारवाला येणार. मला मोडून नेणार."

चिची म्हणाली, "आणि आमचं घर?"

"घरही नेणार," ट्रक म्हणाला.

चिची घाबरली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेजारी होती जीप. नवी, चकचकीत. तिचं जास्तीचं चाक भिंतीला टेकून ठेवलं होतं. चिचीने चाकाची भोकं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग ट्रकचे बोल्ट मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"भोकं पाच, बोल्ट सहा. नाही बसायचं," चिची म्हणाली.

ट्रक म्हणाला, "जीपकडे चाकं जास्तीची. माझं आहे तेही तडकलं. माझ्या पोटात दुखतं."

गॅरेजच्या मागे उभी होती लाल बस. तिला इंजिन नव्हतं, पण चाकं धड होती. चिची गेली बसकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बस, बस, चाक दे. चाक ट्रकला. घर माझं वाचू दे."

बस म्हणाली, "ट्रकला दर दसऱ्याला हार. मला साधं फूल नाही. माझ्या पोटात दुखतं. आधी फुलं आण, मग चाक. तोवर भोकंसुद्धा मोजू देणार नाही."

चिची गेली झेंडूकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"झेंडू, झेंडू, फुलं दे. फुलं बसला, चाक ट्रकला. घर माझं वाचू दे."

झेंडू म्हणाला, "तुळशीला रोज पाणी. मला रोज नुसतं ऊन. माझ्या पोटात दुखतं. आधी पाणी आण, मग फुलं."

चिची गेली हातपंपाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पंपा, पंपा, पाणी दे. पाणी झेंडूला, फुलं बसला, चाक ट्रकला. घर माझं वाचू दे."

पंप म्हणाला, "कर्र कुईं! जीपला तेल, टेम्पोला तेल. मला थेंबभर नाही. माझ्या पोटात दुखतं. आधी तेल आण, मग पाणी."

चिची गेली लतीफमिस्त्रीकडे. मिस्त्री जीपच्या खाली झोपून काम करत होता. नुसते पाय दिसत होते. चिची पायांशी बोलली.

"मिस्त्रीकाका, तेल द्या. तेल पंपाला, पाणी झेंडूला, फुलं बसला, चाक ट्रकला. घर माझं वाचू दे."

पाय म्हणाले, "मावशीच्या ढाब्यावर गिऱ्हाइकाला गरम भाकरी. मला नेहमी गार. माझ्या पोटात दुखतं. आधी गरम भाकरी आण, मग तेल."

चिची गेली अनसामावशीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. मावशी भाकऱ्या थापत होती. थप थप थप, थप थप थप.

"मावशी, मावशी, भाकरी दे. भाकरी मिस्त्रीला, तेल पंपाला, पाणी झेंडूला, फुलं बसला, चाक ट्रकला. घर माझं वाचू दे."

मावशी म्हणाली, "मिस्त्रीला सगळे म्हणतात, वा मिस्त्री, गाडी काय पळते. मला कुणी म्हणतं का, वा मावशी, भाकरी काय फुगते? खातात आणि जातात. माझ्या पोटात दुखतं. आधी कुणीतरी वा म्हणू दे, मग भाकरी."



चिचीला वाटलं, मला कुणी 'ये' म्हणत नाही. मग मी का कुणाला 'वा' म्हणू? तिच्या पोटात दुखलं. दुखलं, दुखलं, फार दुखलं.

तेवढ्यात तव्यावरची भाकरी फुगली. टम्म! कसा खमंग वास सुटला. भाकरी खरंच छान होती. आता खोटं कसं बोलायचं?

चिची पुढे सरकली. मग म्हणाली, "वा मावशी, भाकरी काय फुगली."

मावशीचा हात थांबला. मावशी हसली. तिने चिचीच्या डोक्यावर दोन भाकऱ्या ठेवल्या. "एक मिस्त्रीला, एक तुझ्या पिल्लांना," ती म्हणाली.

चिची निघाली. चिची दिसेना, नुसत्या भाकऱ्या चालल्या. तुरु तुरु, तुरु तुरु.

पिल्लांची भाकरी ठेवली पेटीजवळ. मिस्त्रीची दिली मिस्त्रीला. गरम गरम!

भाकरी मिस्त्रीला. मिस्त्रीने तेल दिलं.
तेल पंपाला. पंपाने पाणी दिलं. धो धो धो.
पाणी झेंडूला. झेंडूने फुलं दिली. टप टप टप.
फुलं बसला. मावशीने हार ओवला, मधे मधे आंब्याची पानं. बस लाजली. लाल होती, अजून लाल झाली.

"आता मोज भोकं," बस म्हणाली.

चिचीने मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"सहा! बसणार, बसणार," चिची म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, "थांब गं. सहा असली म्हणून काय झालं? भोकं जवळजवळ आहेत की लांबलांब? चाक आहे जड. तिकडे नेलं आणि नाही बसलं, तर? आधी माप घेऊ. बोल्टांचा ठसा उठेल अशी एखादी मऊ वस्तू आण."

मऊ वस्तू? कापसावर ठसा राहिला नाही. माती फुटली. केळीचं पान फाटलं. मऊ मऊ एकच गोष्ट होती. पेटीजवळची भाकरी.

पिल्लं भाकरीकडे बघत होती. चिची पिल्लांकडे बघत होती. भाकरी गेली तर पोट उपाशी. ट्रक गेला तर घर नाही.

"घ्या, मिस्त्रीकाका," चिची म्हणाली. अगदी हळू म्हणाली.

मिस्त्रीने तडकलेलं चाक काढलं. भाकरी बोल्टवर दाबली. टप्प! भाकरीला पडली सहा भोकं. ती भाकरी नेली बसकडे. बसच्या चाकावर ठेवली. एक भोक जुळलं. दोन जुळली. तीन, चार, पाच...

सगळे बघत राहिले. झेंडू बघत राहिला. पंप धो धो करायचा थांबला.

सहावंही जुळलं.

मिस्त्रीने बसचं चाक काढलं. गडगड गडगड नेलं. ट्रकला लावलं. पाना फिरवला. खटक खटक, खटक खटक. चाक बसलं. ट्रक उठला. भुर्रर्र, भुर्रर्र!

दसऱ्याला भंगारवाला आला. ट्रक त्याच्या समोरून निघून गेला. पेटीतून तीन पिल्लांनी त्याच्याकडे पाहिलं.

आणि सहा भोकांची भाकरी? ती बोल्टच्या ग्रीसने झाली होती काळीकुट्ट. मिस्त्रीने तिला खिळ्याला टांगलं. अजून तिथेच आहे, मापाला.

संध्याकाळी ट्रक परत आला. चिची पेटीतून उतरली. तिच्या मागे पहिलं, त्याच्या मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं. तुरु तुरु, तुरु तुरु. चिची ढाब्याच्या दारात थांबली. आता मावशी 'हुश' म्हणेल का?

मावशीने तव्यावर चार चानक्या टाकल्या होत्या. चानकी म्हणजे पिल्लांची भाकरी. एवढी, एवढीशी.

मावशी म्हणाली, "ये, चिची, ये."
मिस्त्री म्हणाला, "ये, ये."
बसने हॉर्न वाजवला. इंजिन नव्हतं, पण हॉर्न होता. पों पों.

चुलीजवळ मनीमांजर बसली होती. तिने मिशा फुगवल्या. तिच्या पोटात दुखलं.

चिचीच्या मात्र नाही दुखलं. चिचीचं पोट भरलं होतं.

चाक लागलं ट्रकला, चानकी लागली पोटाला, आणि गोष्ट लागली रस्त्याला.