शंख दिसला की शंखवाला

समुद्रकाठच्या खडकावर कोणी कुठे राहायचं हे अजून ठरायचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. ओहोटी लागली की ऑक्टोपस सगळ्या जिवांची गटवारी करायचा. शंखवाल्यांनी उघड्या कड्यावर चिकटायचं आणि पायवाल्यांनी कपारीत शिरायचं, असा त्याचा नियम होता.

रिकाम्या शंखात राहणारा एक चिमुकला खेकडा कपारीकडे धावत आला. ऑक्टोपसने लांब पाय आडवा घातला. "शंखवाल्या, वर जा!"

"दादा, शंख माझा नाही, मेलेल्या गोगलगायीचा आहे. मला खडकाला चिकटता येत नाही. पहिल्याच लाटेत वाहून जाईन!"

"आम्ही आत डोकावत बसत नाही. शंख दिसला की शंखवाला."

भरतीचं पाणी जवळ येत होतं. शंखाबाहेर आपलं मऊ पोट कुठलाही मासा तोडेल, हे खेकड्याला ठाऊक होतं. तरी तो सर्रकन बाहेर आला आणि ओरडला, "मोजा माझे पाय!"

"बघू, उद्याच्या ओहोटीला तपासू," ऑक्टोपस म्हणाला.

"उद्यापर्यंत तो उरेल का रे?" कड्यावरची म्हातारी गोगलगाय कडाडली. "तो आमच्यातला नाही. उलट तुझंच बिनहाडांचं, लिबलिबीत अंग आमच्यासारखं आहे. शंख नाही म्हणून तू परका झालास होय?"

आडवा पाय हळूच मागे सरकला. खेकडा शंख चढवून कपारीत पळाला.

लाट आली तेव्हा ऑक्टोपस दारातच होता, स्वतःचं अंग पहिल्यांदाच चाचपून बघत.